खाट आणि हातोडे

समजा, सकाळी सव्वापाच वाजता तुम्हाला एक भरलेला ट्रक गेटबाहेर सोडायचा आहे. चालवायचा नाही, फक्त सोडायचा. सोपं वाटलं ना? मग हातात टॉर्च घ्या आणि ट्रकभोवती एक चक्कर मारा. चाकांचे नट एकेक करून बघा. टायरच्या खाचेत खोली मोजायची पट्टी घाला. मागचे दिवे बघायला मागे जा. मागे गेल्यावर कळेल की ब्रेकचा दिवा लागायला पुढे पॅडलवर पाय हवा, आणि पाय तर तुमच्याबरोबर मागे आलेत. कोणाला तरी हाक मारा. मग आरसे, वायपर, हॉर्न, हवेच्या नळ्या, ताडपत्रीच्या दोऱ्या, आग विझवायचं नळकांडं, नळकांड्यावरची तारीख. अशा एकूण बत्तीस गोष्टी. त्या झाल्या की तेहतिसावी गोष्ट वर कॅबमध्ये बसलेली असते. ती जांभई देत असते आणि तुमच्यामुळे आपला सगळा दिवस वाया गेल्यासारखी तुमच्याकडे बघत असते. ती म्हणजे ड्रायव्हर.

त्याचे नट कसे तपासाल?

एका ट्रक कंपनीच्या यार्डात खिडकीतून किल्ल्या देणाऱ्या वहिनी तीन प्रश्न विचारतात.

"किती तास झोपलात? काही घेतलंय का? घरी कोणाशी भांडण?"

पहिले दोन प्रश्न नियमांच्या पुस्तकातले आहेत. तिसरा वहिनींचा स्वतःचा. घरून भांडून आलेला ड्रायव्हर आरशात मागचा रस्ता बघत नाही, स्वतःचं तोंड बघतो आणि मनातल्या मनात उत्तरं देत राहतो, असं त्यांचं एकोणीस वर्षांचं निरीक्षण आहे. भांडण झालं असेल तर खिडकीसमोरच्या लाकडी बाकावर दहा मिनिटं बसायचं. थंड झालं की किल्ली मिळते.

यार्डात दहा ट्रक, दहा ड्रायव्हर. नऊ जण हा तिसरा प्रश्न ऐकतात, "नाही वहिनी" म्हणतात आणि किल्ली घेतात. दहावे गृहस्थ मात्र खिडकीत कोपर टेकवून म्हणतात, "भांडण? झालंय की. तुमच्याशीच."

"चार नंबर, बाकावर," वहिनी म्हणतात.

चार नंबरचा ट्रक चालवणारे हे गृहस्थ वहिनींचे यजमान. घरी त्या त्यांना 'अहो' म्हणतात. यार्डाच्या गेटपासून आत मात्र 'चार नंबर'. एकदा डबा विसरले म्हणून त्यांनी लाउडस्पीकरवरून "चार नंबर, तुमची भाजी खिडकीत आहे" असं जाहीर केलं होतं, आणि चार नंबरच्या ट्रकमध्ये त्या दिवशी भाजीपाला भरायचा आहे असं समजून माल चढवणारे दोघं क्रेट घेऊन धावले होते.

मी त्या यार्डात महिन्यातून दोनदा जातो. ट्रकमधले काळे डबे तपासणं हे माझं काम. हा डबा स्टिअरिंगच्या वर बसवलेला असतो. ड्रायव्हर त्यात आपलं कार्ड घालतो आणि मग तो दिवसभर काय करतोय हे डबा लिहीत राहतो. त्याला फार शब्द येत नाहीत. तीन खुणा पुरतात. स्टिअरिंगचं चाक म्हणजे गाडी चालवतोय. एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे म्हणजे गाडी उभी आहे पण माणूस काम करतोय: माल चढवतोय, टायर बदलतोय, कागद भरतोय. आणि खाट म्हणजे आराम. रोज सलग अकरा तास खाट लागते. आठवड्यातून एकदा सलग चोवीस तास. ती तुटली की नियम तुटला.

वहिनी एकोणीस वर्षांपूर्वी इथे आल्या त्या फोन उचलायला. नियमांचं पुस्तक तेव्हाही ऑफिसात होतं. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली. दोनशे चौदा पानांचं असल्यामुळे अगदी मापात बसलं होतं. तिसऱ्या दिवशी फोन वाजेना, म्हणून वहिनींनी ते काढलं आणि वाचायला घेतलं. टेबल तेव्हापासून डुगडुगतं. मालक म्हणतात, "कंपनीत पहिला नियम पाळला गेला आणि पहिला चहा सांडला, दोन्ही एकाच दिवशी."

पुस्तक वाचून संपलं तेव्हा वहिनी पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. नाटकाला गेल्या की पडदा उघडायच्या आधी बाहेर जायचे दरवाजे मोजतात. नात्यातल्या एका बाळाला बघायला गेल्या, तर सगळ्या बायका बाळाचं नाक कोणावर गेलंय ते बघत होत्या आणि वहिनी खाली वाकून पाळण्याचे नट बघत होत्या. एक सैल निघाला. तेव्हापासून त्या घरात त्यांना मान आहे आणि आमंत्रण नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सुरू होते सहा नंबरच्या ड्रायव्हरपासून. त्याला आता यार्डात कोणी सहा नंबर म्हणत नाही, 'बेकरी' म्हणतात. त्याच्या मेव्हण्याची बेकरी आहे. सुट्टीच्या रविवारी हा तिथे जायचा आणि पहाटे तीनपासून दुपारपर्यंत कणीक मळायचा. सोमवारी खिडकीत येऊन सांगायचा, "चोवीस तास आराम, वहिनी. ठणठणीत." एका सोमवारी सिग्नलला गाडी थांबवली आणि तिथेच झोपला. सिग्नल सात वेळा हिरवा झाला. मागच्या लोकांनी हॉर्न वाजवून वाजवून शेवटी पोलिसाला बोलावलं. पोलिसाने काचेवर टकटक केली, तेव्हा हा डोळे न उघडता म्हणाला, "अजून पाच मिनिटं, फुगू दे."

नशीब की गाडी उभी होती. वहिनींना मात्र त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. गाडी उभी नसती तर काय, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

परिवहन खात्याने कंपनीला लेखी ताकीद दिली. वर्षभरात विश्रांतीच्या नोंदीत आणखी एक चूक सापडली, तर दहाच्या दहा ट्रक तीस दिवस गेटच्या आत उभे राहतील. मालकांनी ते पत्र वाचलं आणि वहिनींच्या टेबलावर ठेवलं. टेबल डुगडुगलं.

"वहिनी, आता सगळं तुमच्या हातात," मालक म्हणाले. "तीस दिवस गाड्या उभ्या राहिल्या तर गिऱ्हाइकं काय, उंदीरसुद्धा थांबणार नाहीत."

वहिनींनी पुस्तक उघडलं. पान अठ्ठावन्न: ड्रायव्हरने सुट्टीच्या दिवशी दुसरीकडे काही काम केलं असेल, तर तेही कंपनीला कळवायला हवं. त्यांनी एक फॉर्म तयार केला. 'सुट्टीच्या दिवसाची नोंद.' डावीकडे तास, उजवीकडे दोन चौकोन: एकावर खाट, एकावर हातोडे. खाली सही. पानांना फाइलमधल्या जुन्या कागदांपुढचे क्रमांक, म्हणजे कोणी मधलं पान गायब करू नये.

दहाही जणांनी फॉर्म नेले. सोमवारी नऊ परत आले ते असे: खाट, खाट, खाट, वरपासून खालपर्यंत खाट. बेकरीने तर खाटेवर उशीसुद्धा काढली होती.

दहावा फॉर्म चार नंबरचा. तो समजायला आधी त्यांच्या घरात काय चाललं होतं ते कळायला हवं.

चार नंबर हे वहिनींकडूनच नियम शिकले होते, आणि फारच नीट शिकले होते. शनिवारी संध्याकाळी घरी आले की हात-पाय धुऊन सोफ्यावर आडवे व्हायचे आणि जाहीर करायचे, "खाट लागली. उद्या संध्याकाळपर्यंत मला हात लावणं बेकायदेशीर आहे."

"अहो, तेवढा गॅसचा सिलिंडर सरकवा."

"माल हलवणं. हातोडे."

"पिशव्या तरी वर आणा."

"तेच ते. लोडिंग."

"मग निदान दार उघडा, बेल वाजतेय!"

"अगं, मी उघडलं असतं. पण तुझ्या कंपनीचा परवाना गेला तर मला झोप लागायची नाही."

वहिनींना यावर उत्तर सापडत नव्हतं, कारण नियम खरा होता. नियम खरा असला की त्यांचा आवाजच निघत नाही. त्या सिलिंडर स्वतः सरकवायच्या आणि मनात पान क्रमांक म्हणायच्या.

बिघाड केला तो वहिनींच्या आईने. त्या जवळच राहतात आणि रविवारी येतात. सोफ्यावरच्या जावयाकडे बघून त्या दर रविवारी एकच वाक्य बोलायच्या, "तुमच्या घरात एक माणूस काम करतं आणि एक माणूस त्याला साक्षी असतं." नवा फॉर्म आला त्या रविवारीही त्या हे बोलल्या. चार नंबर उठून बसले.

"मी काही करत नाही? मी? अगं, तो फॉर्म आण. आज लिहूनच काढू. आज मी काय काय करतो ते सरकारी कागदावर येऊ दे. मग बघू कोण साक्षी आणि कोण आरोपी."

"अहो, पण खाट..."

"खाट राहू दे. इज्जतीचा प्रश्न आहे."

आणि त्या दिवशी चार नंबरनी काम केलं. वहिनी फॉर्म घेऊन मागे मागे, ते सांगतील तसं लिहीत. लसूण सोलला. पंखा पुसला. दुपारी बहिणीच्या नव्या घरी जाऊन तिचं लाकडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं. प्रत्येक काम झालं की ओरडायचे, "हातोडे!" आणि सासूबाईंकडे बघायचे. त्यांचा आवेश इतका की वेळाही फुगत गेल्या. लसूण खरं तर बारा मिनिटांत झाला होता.

"पन्नास लिही," ते म्हणाले.

"अहो, पन्नास कुठे?"

"सालं काढायला बारा. मग हाताचा वास जायला अडतीस. तोही त्याच कामातला वेळ ना?"

वहिनींनी विचार केला. ट्रक रिकामा झाल्यावर मागचा फाळका धुतात तो वेळ हातोड्यांतच धरतात. त्यांनी पन्नास लिहिले.

संध्याकाळी दोघांनी खाली सह्या केल्या. चार नंबरनी फॉर्म सासूबाईंसमोर धरला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि म्हणाल्या, "पंखा पुसला म्हणता, मग माझ्या डोक्यावर काय पडलं?"

सोमवारी वहिनींनी तो फॉर्म फाइलला लावला. अठ्ठेचाळीस क्रमांकाचं पान. आपण काय लावतोय हे त्यांना लावल्यावर कळलं. रविवारी हे गृहस्थ दिवसभर राबले होते, आणि सोमवारी पहाटे त्यांना किल्ली कोणी दिली होती? तर वहिनींनी. किती तास झोपलात, काही घेतलंय का, घरी भांडण, सगळं विचारून. मधला रविवार विचारायचा राहिला, कारण तो त्यांच्या डोळ्यांसमोर घडला होता.

त्यांनी मालकांना सांगितलं. मालकांनी पान वाचलं आणि खुर्चीत बसले. खुर्ची दोन फूट डावीकडे होती.

"काढून टाका ते पान," मालक जमिनीवरूनच म्हणाले.

"काढलं तर क्रमांक तुटतो. सत्तेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास. खात्याचे साहेब तपासायला आले की आधी अठ्ठेचाळीसच मागतील."

"मग नवं अठ्ठेचाळीस लिहा. खाट खाट खाट!"

"मालक, बेकरीनेही तेच लिहिलं होतं ना? खाट खाट खाट."

मालक उठले आणि खुर्ची जवळ ओढून बसले. सिग्नल सात वेळा हिरवा झालेला त्यांनाही आठवत होता.

"त्यावर सही तरी कोणाची आहे?"

"दोघांची."

"मग आता?"

"आता लागलेलं पान लागलेलं राहील," वहिनी म्हणाल्या. पानाला लावलेली क्लिप त्यांनी आणखी घट्ट केली.

तपासनीस साहेब त्याच आठवड्यात आले. गुरुवारी सकाळी, न कळवता. त्या दिवशी गाड्या दुपारी सुटायच्या होत्या, म्हणून दहाही यार्डातच होत्या. मी तेव्हा दोन नंबरच्या कॅबमध्ये डबा उघडून बसलो होतो. साहेब बारीक, शांत, अतिशय हळू बोलणारे. कोणाच्या ऑफिसात चहा घ्यायचा नाही असा त्यांच्या खात्याचा नियम होता, म्हणून ते घरून थर्मास आणायचे आणि स्वतःलाच विचारायचे, "घेणार का थोडा?" मग थोडा विचार करून घ्यायचे.

त्यांनी आधी ट्रक बघितले. वहिनींचे ट्रक, त्यात काय सापडणार? तीन तास फिरून त्यांना एकच गोष्ट मिळाली: आठ नंबरच्या वायपरवर मेलेली माशी. ती वहिनींच्या यादीतही होती, 'माशी, डावीकडे' अशी. साहेब पहिल्यांदा हसले.

मग फाइल उघडली. खाटा, खाटा, खाटा. साहेब पानं उलटत होते आणि त्यांचं हसू मावळत होतं.

"एवढा आराम माणसं करतात?" त्यांनी हळूच विचारलं. मग अठ्ठेचाळीस आलं आणि साहेबांनी चष्मा वर सरकवला.

"चार नंबर कोण?"

चार नंबरना आत बोलावलं. बाकीचे ड्रायव्हर खिडकीबाहेर दाटीवाटीने उभे राहिले. मीही स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन दाराशी आलो.

"रविवार," साहेब वाचू लागले. "नऊ ते नऊ पन्नास, लसूण सोलणे. हातोडे. साडेदहा ते सव्वाअकरा, पंखा. हातोडे. बारा ते तीन, बहिणीचं कपाट, तिसरा मजला. हातोडे. पाच ते सहा..." साहेब थांबले. "'सासूबाईंचं ऐकणे.' हातोडे. ऐकणं हे काम आहे?"

"साहेब, तुम्ही एकदा ऐका," चार नंबर म्हणाले.

"चोवीस तास सलग विश्रांती हवी होती. इथे सकाळी नऊलाच तुटली. आणि सोमवारी पहाटे तुम्ही गाडी बाहेर काढली." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "ही चूक झाली. कंपनीला ताकीद आधीच आहे."

मालकांनी भिंतीला हात लावला. दहा ट्रक, तीस दिवस.

"साहेब," वहिनी उठून उभ्या राहिल्या. "पान एकसष्ट बघाल का?"

पान एकसष्टवर विश्रांतीची व्याख्या होती. साहेबांना ती पाठ असावी, तरी त्यांनी बोट ठेवून वाचली. "विश्रांती म्हणजे असा सलग काळ, ज्यात ड्रायव्हर आपला वेळ आपल्या मर्जीप्रमाणे घालवायला मोकळा असतो. आणि काम म्हणजे मालकाच्या सांगण्यावरून केलेलं." त्यांनी मान वर केली. "लसूण सोलायला कोणी सांगितलं?"

"लसूण मीच पुढे ठेवला," वहिनी म्हणाल्या. खोटं त्यांना येत नाही.

"तुम्ही यांच्या मालक आहात का?"

"हो साहेब!" खिडकीतून बेकरी ओरडला.

"गप रे, कणीक!" मालक ओरडले.

साहेबांनी खिडकी लावायला सांगितली. मग ते चार नंबरकडे वळले आणि आणखी हळू बोलू लागले, इतकं की बाहेरचे नऊ जण काचेला कान लावून उभे राहिले.

"नीट ऐका. ही कामं तुम्ही तुमच्या मर्जीने केली असतील, तर ती विश्रांती. कोणी बागेत काम करतं, कोणी डोंगर चढतं, तुम्ही कपाट चढवलंत. चूक नाही. पण तुम्हाला ती कोणी करायला लावली असतील, तर ते काम. मग माझा नाइलाज आहे. बोला. मर्जीने की मर्जीविरुद्ध?"

चार नंबरनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते आम्हा सगळ्यांना काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. 'मर्जीविरुद्ध' म्हटलं तर दहा ट्रक उभे. 'मर्जीने' म्हटलं तर सोफा गेला. इतक्या वर्षांची 'खाट लागली' गेली. सिलिंडर, पिशव्या, बेल, सगळं सरकारी कागदावर त्यांच्या आवडीचं होऊन बसणार.

त्यांनी बायकोकडे बघितलं. वहिनी छताकडे बघत होत्या. साक्षीदाराला खूण करायची नाही, हेही कुठल्यातरी पानावर आहे. त्यांनी मालकांकडे बघितलं. मालक दोन्ही हात जोडून, ओठांनी, आवाज न करता 'म-र्जी-ने' म्हणत होते.

"साहेब, तिसरं काही उत्तर नाही का?"

"आहे. ही नोंद खोटी आहे असंही तुम्ही सांगू शकता."

चार नंबरचा चेहरा उजळला.

"खोट्या नोंदीला तीसऐवजी साठ दिवस आहेत," साहेब म्हणाले. "आणि सही करणाऱ्याचं लायसन जप्त. तशी मला लसणाच्या पन्नास मिनिटांची थोडी शंका आहे."

"नाही नाही! लसूण खरा आहे. गड्डे मोठे होते."

"मग?"

बाहेर काचेवर नऊ नाकं चपटी झाली होती.

"...मर्जीने," चार नंबर म्हणाले.

"ऐकू आलं नाही." हे साहेबांनी म्हणणं म्हणजे कमालच होती.

"मर्जीने, साहेब."

"लसूणही?"

"लसूणही."

"कपाट?"

"कपाट तर फारच."

"आणि ऐकणं?"

मालकांचे ओठ हलायचे थांबले. वहिनींची नजर छतावरून थोडी खाली आली.

"ऐकणंही," ते म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

साहेबांनी टोपण पेनाला लावलं, मग आठवल्यासारखं पुन्हा काढलं. "जबाब लेखी लागेल." त्यांनी स्वतःच लिहिला: 'मी घरातली कामं माझ्या मर्जीने करतो. ती करताना मला विश्रांती मिळते.' चार नंबरनी तीन प्रतींवर सह्या केल्या. त्या चालत्या ट्रकमध्ये केल्यासारख्या वाकड्यातिकड्या आल्या. अर्थात, थोडा दोष टेबलाचाही होता.

"एक खात्याला, एक कंपनीला," साहेब म्हणाले. "तिसरी?"

"घरी," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी फाइलवर 'नोंदी समाधानकारक' असं लिहिलं. जाताना मालकांना म्हणाले, "नऊ फॉर्म मी विसरून जाईन. दहावा मात्र आयुष्यभर विसरणार नाही. त्या नऊ जणांना जरा खरं लिहायला शिकवा." मालक त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले आणि परत येताना बेकरीला मिठी मारून आले. तो का, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही. ट्रक त्या दुपारी वेळेवर सुटले.

पुढच्या रविवारी वहिनींनी यजमानांच्या हातात एक कागद दिला. वर लिहिलं होतं, 'विश्रांती'. खाली नऊ कलमं: माळा आवरणे, जिन्याचा दिवा, आईला डॉक्टरकडे नेणे, वगैरे.

"अगं, हे सगळं एका दिवसात?"

"घाई नाही. मर्जीने करा," वहिनी म्हणाल्या.

आणि त्यांनी केलं. कुरकुरत, पण केलं. नऊही ड्रायव्हर आता सुट्टीचे फॉर्म खरे भरतात. त्यातून बऱ्याच गोष्टी कळल्या. तीन नंबर मुलीला पोहायला शिकवतो. नऊ नंबर, सहा फुटांचा माणूस, आईच्या साड्यांना फॉल लावून देतो. बेकरीने बेकरी सोडली, पण एका फॉर्मवर लिहिलं आहे: 'मेव्हण्याकडे गेलो. कणकेला हात लावला नाही. फक्त बघितली.'

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण वहिनींना पान एकसष्ट स्वस्थ बसू देईना. मर्जीने केलं तर विश्रांती, मर्जीविरुद्ध केलं तर काम, हे त्यांना पटलं होतं. पण एकदा पटल्यावर त्या ते सगळीकडे लावून बघणारच. त्यांनी एक कोरा फॉर्म घेतला आणि आठवडाभर स्वतःचा भरला. पहाटे चारला उठणं, दोन डबे, सव्वापाचला खिडकी, दोनपर्यंत ट्रक, मग बाजार, आईची औषधं, स्वयंपाक, भांडी. हातोडे, हातोडे, हातोडे. सगळ्यात लांब खाट पाच तास चाळीस मिनिटांची होती, आणि तीही मधे एकदा दूध फ्रिजमध्ये ठेवलं का ते बघायला उठल्यामुळे तुटलेली.

मग त्यांनी साहेबांचा प्रश्न स्वतःला विचारला. मर्जीने की मर्जीविरुद्ध? चार नंबरना तीन मिनिटं लागली होती. वहिनींना आठवडा पुरला नाही. काही कामं खरंच आवडीची होती. काही करायला कोणीच सांगितलं नव्हतं, तरी केली नसती तर सगळ्यांनी विचारलं असतं. अशा कामांना कुठली खूण लावायची, हे दोनशे चौदा पानांत नव्हतं. त्यांनी फॉर्म पाकिटात घातला, सोबत अर्ज जोडला आणि खात्याला पाठवून दिला. रीतसर, तीन प्रतींत.

मी परवा डबे तपासायला गेलो तेव्हा उत्तर आलं होतं. वहिनींनी ते मला खिडकीतूनच वाचून दाखवलं. साहेबांचंच पत्र, अतिशय नम्र. आपला फॉर्म वाचला, नोंदी अत्यंत काटेकोर आहेत, त्यात गंभीर स्वरूपाचे उल्लंघन दिसते, परंतु खेद वाटतो की सदर नियम फक्त साडेतीन टनांवरील वाहन चालवणाऱ्यांनाच लागू होतात.

"गंभीर उल्लंघन आहे हे ते मान्य करतात," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"फक्त ते कोणी केलं, ते सांगत नाहीत."

मागे पाच नंबरचा ट्रक हॉर्न देत होता. त्यांनी किल्ली खिडकीतून बाहेर सरकवली, तीन प्रश्न विचारले, तीन उत्तरं लिहून घेतली. मग पत्राची घडी न घालता ते तसंच समोर ठेवून त्या पुस्तकाची पानं उलटू लागल्या, पहिल्यापासून.

"मला एवढंच सांग," त्या मान वर न करता म्हणाल्या, "साडेतीन टनांखालच्यांनी आराम कधी करायचा, हे कोणत्या पुस्तकात असतं?"